अकुशल व अज्ञात व्यक्तीने बसवलेल्या पाचव्या गिअरबाबत

प्रति,
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी,
(कार्यालयाचे नाव पाकिटावर लिहिले आहे. इथे पुन्हा लिहून त्या गावाची आणखी बदनामी करण्याची माझी इच्छा नाही.)

अर्जदार: सौ. विद्युल्लता आनंद नेसरीकर, वय ६८, निवृत्त विज्ञान शिक्षिका, रा. निपाणी, जि. बेळगाव.

वाहन: फार्गो पिकअप, सन १९५६. (वाहन क्रमांक आपल्या पंचनाम्यात तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिला आहे. त्यांपैकी दुसरा बरोबर आहे.)

विषय: जप्त केलेल्या पिकअपच्या तपासणी अहवालातील दोन शब्द वगळण्याबाबत.

संदर्भ: १) माझा दि. ६ जानेवारी २०२५ चा अर्ज, ज्याला उत्तर नाही.
२) माझे दि. १० मार्च २०२५ चे स्मरणपत्र, ज्यालाही उत्तर नाही.
३) आपल्या निरीक्षकांचा दि. ८ जुलै २०२५ चा अहवाल.
४) आपल्या नोटिसा, एकूण दोन.
५) खिडकी क्र. ४ वर मला तोंडी मिळालेले सल्ले, ज्यांना जावक क्रमांक नाही.

महोदय,

१) वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की, माझ्या मालकीचा पिकअप ट्रक दि. ८ जुलैपासून आपल्या कार्यालयाच्या आवारात कंपाउंडच्या भिंतीला लागून उभा आहे. 'सविनय' हा शब्द प्रथा म्हणून लिहिला आहे. पुढे तो कुठे सापडला नाही तर शोधत बसू नये. गाडीच्या हौद्यात आपले कर्मचारी जेवणाचे डबे विसळतात आणि पुढच्या बंपरवर बसून चहा पितात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कार्यालयातल्या खुर्च्यांवर बसून ते जे करतात त्यापेक्षा हे निरुपद्रवी आहे.

२) गाडीची हकिगत थोडक्यात अशी. सन १९८४ मध्ये निपाणीतली एक तंबाखूची वखार बंद झाली, तेव्हा माझे यजमान श्री. आनंद यांनी हा पिकअप वखारीच्या मालकाकडून विकत घेतला. गाडी चालवायला मला निपाणीचे मेकॅनिक श्री. मारुतीराव भावकू बेळगुंदकर यांनी शिकवले, १९९१ साली, बोरगावच्या रस्त्यावर. गावातल्या ड्रायव्हिंग स्कूलने बायकांना फक्त छोटी गाडी शिकवतो असे सांगितले होते. मारुतीरावांनी मला सीटवर बसवून एवढेच विचारले, "बाई, पाय पोचतोय न्हवं?" पाय पोचत होता. तेव्हापासून गाडी मीच चालवते. यजमान शेजारी बसतात आणि समोर म्हैस आली की मला सांगतात.

आपल्या छापील नमुन्यात 'वाहनाचा उपयोग' असा रकाना आहे. माझा धंदा नाही, शेतमाल नाही, भाड्याने गाडी देत नाही. आठवड्यातून एकदोनदा मी ती घेऊन बोरगावला, संकेश्वरला, कधी बेळगावात शहापूरला बहिणीकडे जाते, कारण मला ती चालवायला आवडते. तसे मी रकान्यात लिहिले. लिपिकांनी 'आवडते' हा शब्द खोडून 'इतर' असे लिहिले.

३) आता गिअरबॉक्स बदलण्याचे कारण. मोटारींची तपासणी करणाऱ्या कार्यालयाला हे समजावून सांगावे लागते, याची मला लाज वाटते; आपल्याला वाटत नसल्याने तीही मीच वाटून घेते. जुना गिअरबॉक्स चार गिअरचा आहे. त्यात गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो, एकदा आधीचा गिअर काढताना आणि एकदा पुढचा घालताना. चौतीस वर्षे मी तो दाबला. मग डाव्या गुडघ्याने नकार दिला. बेळगावच्या डॉक्टरांनी गुडघा बदलावा असे सुचवले. गुडघा बदलावा की गिअरबॉक्स, असा प्रश्न होता. गिअरबॉक्स कोल्हापूरच्या भंगार बाजारात मिळतो आणि बसवणारा निपाणीत राहतो, म्हणून मी दुसरा मार्ग पत्करला.

दुसरे कारण रस्त्याचे. पुणे-बंगळूर हायवे आता इतका रुंद झाला आहे की ताशी पन्नासने जाणाऱ्या गाडीला मागचे ट्रकवाले भोंगा वाजवून तिच्या मालकाची आई-बहीण काढतात. जुन्या गिअरबॉक्सच्या चौथ्या गिअरमध्ये ताशी पंच्याहत्तर किलोमीटर गाठले की इंजिन मिनिटाला २६८० फेरे घेते. नव्या गिअरबॉक्समधला पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनाचे ०.८ फेरे झाले की मागच्या चाकांकडे जाणारा दांडा एक पूर्ण फेरा घेतो. २६८० गुणिले ०.८ बरोबर २१४४. इंजिन तेच, रस्ता तोच, वेग तोच, आरडाओरडा कमी आणि डिझेल-पेट्रोलच्या आयातीत देशाचाही थोडा फायदा. हा गुणाकार मी आपल्या कार्यालयातील तिघांना कागदावर करून दाखवला. तिघांनीही कागद उलटा करून मागे काही ठेवले आहे का ते पाहिले.

४) गाडीत असा फेरबदल करण्याआधी आपली परवानगी लागते हे मला माहीत होते. म्हणून संदर्भ क्र. १ चा अर्ज केला आणि दोन महिन्यांनी संदर्भ क्र. २ चे स्मरणपत्र दिले. उत्तर आले नाही. एप्रिलमध्ये मी स्वतः खिडकी क्र. ४ वर गेले. तिथल्या लिपिकांनी तोंडातले पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून मला सांगितले, "बाई, न बसवलेल्या गिअरबॉक्सला परवानगी कशी द्यायची ओ? आधी बसवून आणा, मग बघूया." मी शिक्षिका असल्याने सांगितलेले ऐकणाऱ्यांतली आहे. गिअरबॉक्स बसवून गाडी ८ जुलैला आपल्या दारात आणली. त्याच खिडकीतून त्याच लिपिकांनी मला विचारले, "परवानगी न्हाय, तर बसवला कसा?" पानही बहुधा तेच होते.

५) गिअरबॉक्स कसा बसवला हे आपल्या अहवालात नाही, कारण ते पाहण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत. म्हणून इथे लिहिते. गिअरबॉक्स एका अपघातात मोडलेल्या सवारी जीपमधला आहे. फार्गोच्या इंजिनाला तो सरळ बसत नाही; भोके जुळत नाहीत आणि तोंडही लहान आहे. मारुतीरावांनी मध्ये बसणारी एक पोलादी प्लेट केली. आधी माझ्या पुतणीच्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर तिचा आकार कापला, तो चार वेळा लावून पाहिला, मग प्लेट लेथवर घेतली. इंजिनाचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य एका रेषेत यावा लागतो. इंचाचे हजार भाग केले तर त्यांतल्या पाच भागांहून जास्त फरक चालत नाही. पहिल्या दिवशी तो अकरा आला. मी म्हणाले, अण्णा, अकरा हजारांश कुणाला कळणार आहे? ते म्हणाले, "गिअरला कळतंय की." सहा दिवसांनी तो तीनवर आला. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा त्यांनी कापून आखूड केला, पुन्हा जोडला आणि फिरताना थरथरतो का हे पाहायला त्याच्यावर पाण्याने भरलेले स्टीलचे भांडे टेकवून बसले. भांड्यात तरंग उठत होते तोवर त्यांनी काम सोडले नाही. या सगळ्याला पंचवीस दिवस लागले.

मी छत्तीस वर्षे विज्ञान शिकवले. या पंचवीस दिवसांत जेवढी शिस्त पाहिली तेवढी शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिली नाही. आपल्या कार्यालयात ती पाहण्याची अपेक्षाही नव्हती.

६) तपासणी आपले मोटार वाहन निरीक्षक श्री. सौरव मुचंडीकर यांनी केली. तिला सात मिनिटे लागली, त्यांपैकी तीन मिनिटे ते फोनवर बोलत होते. त्यांनी बंद गाडीत बसून गिअरचा दांडा हलवला आणि बोटांवर मोजले: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मी सांगितले की सहावा हा रिव्हर्स आहे. ते म्हणाले, लिहिताना बघू. गाडीखाली जायला हवे होते, पण पँट नवी होती. म्हणून त्यांनी उभ्या उभ्या मोबाईल खाली धरून फोटो काढला. अहवालात 'गिअरबॉक्सचे बारकाईने निरीक्षण केले' या वाक्यापुढे तो फोटो लावला आहे. फोटोत सायलेन्सर दिसतो.

अहवाल कानडीत आहे. मला कानडी चांगली येते, तेव्हा त्यातला मजकूर जसाच्या तसा मराठीत देते: 'वाहनात सहा गिअर आढळले. सदर काम अकुशल व अज्ञात व्यक्तीने केलेले दिसते. वाहन रस्त्यावर आणण्यास धोकादायक आहे, सबब जप्त करण्यात येत आहे.'

माझा हा अर्ज त्या मधल्या वाक्यासाठी आहे. बाकीची दोन वाक्ये मूर्खपणाची आहेत, आणि मूर्खपणाविरुद्ध अर्ज करायचा ठरवला तर मला उरलेले आयुष्य पुरायचे नाही.

७) त्यानंतर पहिली नोटीस आली. तिच्यात लिहिले होते की, सदर गिअरबॉक्स हा महाराष्ट्र पासिंगच्या वाहनातील असून आता तो या राज्यात कायम वास्तव्यास आला आहे, सबब मूळ राज्याचे ना हरकत प्रमाणपत्र सादर करावे. महोदय, मी सीमाभागात जन्मले आणि इथेच म्हातारी झाले. आम्ही कोणत्या राज्यात असावे हा वाद १९५६ पासून चालू आहे. गाडीही १९५६ चीच; पण ती निदान पुढे सरकते. या भांडणात माणसे ओढली, शाळा ओढल्या, दुकानांच्या पाट्या ओढल्या, हे सगळे मी पाहिले. गिअरबॉक्स तेवढा राहिला होता.

तरीही मी सीमेपलीकडच्या संबंधित कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी आपली नोटीस दोनदा वाचली, शेजारच्या खोलीतून दोघांना बोलावून त्यांनाही वाचायला दिली आणि स्वतःसाठी तिची झेरॉक्स काढून घेतली. मला चहा दिला. मग लेखी दिले की सुट्या भागांना ना हरकत देण्याची कोणतीही तरतूद नाही. ते पत्र घेऊन मी आपल्याकडे आले. पत्र मराठीत असल्याने परत केले. मी कानडी भाषांतर करून दिले. भाषांतर करणारी व्यक्ती हितसंबंधी असल्याने परत केले. वकिलाकडून भाषांतर करून आणले. तेव्हा ते नीट वाचण्यात आले आणि त्यात प्रमाणपत्र नसल्याने परत केले. पहिल्याच दिवशी ते कळले असते, पण त्यासाठी पहिल्याच दिवशी वाचावे लागले असते.

८) दुसरी नोटीस त्याहून वरताण होती. जुना गिअरबॉक्स खरोखर काढला आहे याची खात्री करण्यासाठी तो 'चालू स्थितीत' कार्यालयात हजर करावा, असे तिच्यात फर्मावले होते. गिअरबॉक्स हा इंजिनावाचून चालत नाही. तो चालू स्थितीत आणायचा तर गाडीत बसवून आणावा लागेल आणि गाडीत बसवला तर तो काढलेला नसेल. हे मी लेखी कळवले. उत्तर आले की मुदत आठ दिवस.

दि. १४ ऑक्टोबर रोजी मारुतीरावांनी तो साठ किलोचा गिअरबॉक्स मालवाहू रिक्षातून आणला आणि दोन हमालांच्या मदतीने जिन्याने वर चढवून, सांगितले गेले तसा, टेबलावर ठेवला. त्यांनी पुढचा दांडा हाताने फिरवला. मागचा दांडा फिरला. त्यांनी गिअर बदलला आणि पुन्हा फिरवला. मागचा दांडा वेगळ्या गतीने फिरला. चारही गिअर त्यांनी असे दाखवले आणि घामाघूम झाले. आपले लोक भोवती उभे होते. एकाने विचारले, "पण ह्याचा स्पीड कुठं दिसतोय?" बाकीचे हसले. पंचनाम्यात 'बंद अवस्थेत आढळला' अशी नोंद झाली. त्या वेळी गिअरबॉक्समधले तेल टेबलावर सांडून खालच्या फायलींत गेले. लिपिकांनी धावपळ करून फायली उचलल्या तेव्हा सर्वांत खाली माझा जानेवारीचा अर्ज आणि मार्चचे स्मरणपत्र निघाले. दोन्ही सुस्थितीत होते, उघडलेले नव्हते.

९) यानंतर दि. ११ नोव्हेंबर रोजी आपण स्वतः मला आपल्या दालनात बोलावले, बसायला खुर्ची दिली आणि पाणी मागवले. या कार्यालयातली ती पहिली सभ्य वागणूक होती, हे मी नमूद करते. मग आपण एक हमीपत्र माझ्यापुढे ठेवले. त्यात टाइप केले होते: 'माझ्या गैरहजेरीत व माझ्या नकळत एका अकुशल व अज्ञात व्यक्तीने माझ्या वाहनात फेरबदल केला. त्याबद्दल मी दिलगीर आहे.' आपण म्हणालात की खाली सही केली तर गाडी दुसऱ्या दिवशी सोडू. मी विचारले, नवा गिअरबॉक्स काढावा लागेल का? आपण म्हणालात, छे, तो राहू दे तसाच, वापरा खुशाल.

महोदय, चार महिने जी गाडी रस्त्यावर आणण्यास धोकादायक होती, ती एका खोट्या सहीने रातोरात निर्धोक होणार होती. आपल्याला गाडीची भीती नव्हती, गिअरची नव्हती, महाराष्ट्राचीही नव्हती. निरीक्षकाने एकदा लिहिलेले खोडावे लागेल एवढीच काय ती भीती. त्यासाठी कुणीतरी अकुशल असायला हवे होते आणि दालनात नसलेला माणूस सर्वांत सोयीचा पडला. आपण हे चांगुलपणाने सुचवले असेल, असे मी मानते. त्यामुळे ते अधिकच किळसवाणे वाटले.

माझ्या यजमानांचे मत सही करून मोकळे व्हावे असे पडले. ते पस्तीस वर्षे सरकारी नोकरीत होते, तेव्हा त्यांच्या मतामागचा अनुभव मी समजू शकते.

१०) आता त्या 'अज्ञात' व्यक्तीविषयी. मारुतीरावांचे गॅरेज निपाणीत जुन्या पी. बी. रोडला बावन्न वर्षे आहे. पाटीवर त्यांचे नाव हातभर मोठ्या अक्षरांत आहे. आपल्या कार्यालयाची स्वतःची जीप गेल्या शिमग्याच्या सुमारास तवंदी घाटात बंद पडली तेव्हा ती ओढून याच गॅरेजात आणली होती. क्लचप्लेट बदलून होईपर्यंत दोन तास श्री. मुचंडीकर तिथल्या बाकावर बसले होते आणि मारुतीरावांनी त्यांना स्वतःच्या घरून पोहे आणवले होते. त्या जीपमधून ते आजही फिरतात. अकुशल माणसाने दुरुस्त केलेल्या गाडीत आपला जीव धोक्यात घालून ते जनतेची सेवा करीत आहेत, हे वरिष्ठांना कळवावे असे मला वाटते.

अहवालाची प्रत मारुतीरावांनाही टपालाने गेली; 'अज्ञात' व्यक्तीचा पत्ता आपल्या कार्यालयाला ठाऊक होता. त्यांना लिहिता-वाचता बेताचेच येते आणि कानडी वाचता येत नाही. त्यांची नात आरोही कॉलेजात आहे. तिने वाचून दाखवली. मी तिथे होते. 'अकुशल' शब्दाशी ती अडखळली. ते म्हणाले, "वाच की, काय लिवलंय?" ती म्हणाली, "आप्पा, काम येत नसलेल्या माणसानं केलंय, असं लिवलंय."  ते हसून म्हणाले, "लई बरं झालं. बावन वर्सांनी कुणीतरी खरं बोललं." आम्हीही हसलो. तेव्हा हसायला नको होते.

त्यानंतर आठवडाभर ते गिऱ्हाइकांना गमतीने सांगायचे, आता मी अकुशल हाय, दुसरीकडं जावा. मग गंमत कमी होत गेली. एका ट्रकवाल्याचे ब्रेक करून दिल्यावर त्यांनी त्याला थांबवले, पुन्हा सगळे खोलले, पुन्हा बसवले, आणि तरीही त्याला म्हणाले की एकदा दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घे. माझ्या माहितीत असे कधी झाले नव्हते. १४ ऑक्टोबरला आपल्या टेबलाभोवती माणसे हसली, त्यानंतर त्यांनी गॅरेज उघडलेले नाही. पाने-हातोडे धुऊन, तेल लावून कपाटात ठेवले आहेत. दिवसभर ते घरासमोर बसतात. 

हमीपत्राचे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "सही करून टाका बाई. गाडी सोडवून आणा. माझं काय जातंय? माझं नाव कुठं हाय त्येच्यात?"

मला याचे फार वाईट वाटते. वाईट वाटल्याचे अर्जात लिहीत नसतात, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिले आहे. ते खोडून 'इतर' करू नये.

११) आणखी एक गोष्ट मी आजपर्यंत कुठल्याही पत्रात लिहिली नव्हती. श्री. सौरव मुचंडीकर हे माझे विद्यार्थी आहेत. सन २००३ मध्ये ते माझ्या नववीच्या वर्गात होते. वार्षिक परीक्षेत विज्ञानात त्यांना एकोणतीस गुण मिळाले. पास व्हायला पस्तीस लागत. एक दातेरी चाक दुसऱ्याला फिरवते तेव्हा वेगाचे काय होते, असा एक प्रश्न होता. उत्तर म्हणून त्यांनी सायकलचे चित्र काढून ते रंगवले होते. निकालाच्या आदल्या दिवशी त्यांच्या आई जयाबाई आमच्या घरी आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. "पोराचं वरीस वाया जाईल बाई," एवढेच म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. मी सहा गुण वाढवले. पोरगा गरीब होता, वागायला चांगला होता, आणि सहा गुणांनी कुणाचे काय बिघडते, असे मला वाटले.

काय बिघडते ते मला जुलैत कळले. ज्याला येत नव्हते त्याला येते, असे मी लिहून दिले. बावीस वर्षांनी त्याने, ज्याला येते त्याला येत नाही, असे लिहून दिले. या अर्जात मी आपल्या कार्यालयाविषयी जे जे लिहिले त्यातले काहीही मागे घेत नाही. परंतु या प्रकरणातली पहिली खोटी नोंद माझी आहे आणि ती आपल्या कोणत्याही फायलीत सापडणार नाही, म्हणून मीच कळवते. त्या शाळेला मी तसे पत्र दिले आहे. मुख्याध्यापकांना मी वेडी वाटले असेन. हरकत नाही.

१२) सबब माझी विनंती अशी:

(अ) अहवालातील 'अकुशल व अज्ञात व्यक्तीने' हे शब्द रद्द करून तिथे 'श्री. मारुतीराव भावकू बेळगुंदकर, मेकॅनिक, निपाणी यांनी' असे लिहावे. त्यांचे काम पसंत नसेल तर तेही खुशाल लिहावे, पण आधी गाडीखाली जाऊन ते पाहावे. पँट जुनी घालून यावी.

(आ) ही दुरुस्ती टपालाने पाठवू नये. जे अपमानाचे होते ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे लागले; तेव्हा हेही श्री. मुचंडीकर यांनी त्यांच्या दारात येऊन, त्यांना कळेल अशा मराठीत, मोठ्याने वाचून दाखवावे. मुलाला वाचन चांगले येत असे. त्या विषयात मी गुण वाढवले नव्हते.

(इ) गाडीचे काय करायचे ते नियमात बसेल तसे करावे. दंड असेल तर तो लावावा, मोडीत काढायची असेल तर काढावी. मला गाडी हवी आहे. तवंदी घाट उतरून सपाटीला लागल्यावर पाचवा गिअर टाकला की इंजिन जे शांत होते, ते मी आयुष्यात एकदाच ऐकले आहे, ८ जुलैला आपल्याकडे येण्याआधीच्या रविवारी, आणि मला ते पुन्हा ऐकायचे आहे. पण हमीपत्रावर मी सही करणार नाही. ते सोबत परत करीत आहे.

१३) या अर्जाचा निर्णय नियमानुसार किती दिवसांत द्यावा हे मी वाचले आहे आणि आपण तो किती दिवसांत देता हेही पाहिले आहे. माझ्यापुरते बोलायचे तर मी थांबू शकते. गाडी एकोणसत्तर वर्षांची आहे, तीही थांबेल. मारुतीराव चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचे गॅरेज आज एकेचाळीस दिवस बंद आहे.

कळावे. उत्तर लेखी द्यावे, खिडकी क्र. ४ वर मी पुन्हा येणार नाही.

आपली,
(नम्र होण्याची तयारी आहे, कारण मिळाले की कळवीन)

सौ. विद्युल्लता आनंद नेसरीकर
निपाणी
दि. २४ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१) संदर्भ क्र. १ व २ च्या प्रती. मूळ कागद आपल्याकडे आहेत, तेलकट.
२) २६८० गुणिले ०.८, एका कागदावर. मागची बाजू कोरी आहे, उलटून पाहू नये.
३) सायलेन्सरचा फोटो.
४) आपण दिलेले हमीपत्र, सहीविना.
५) श्री. मारुतीराव यांचे निवेदन. मी ते रविवारी मागितले होते. ते नको म्हणाले. आज सकाळी आरोही घेऊन आली. अक्षर तिचे नाही, त्यांचे स्वतःचे आहे, आणि मजकूर एवढाच आहे: "काम मी केलंय. मारुती भावकू बेळगुंदकर."